बुद्धीचे माप आणि मापातले पाप



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा प्रश्न घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही बुद्धिमापनाचा इतिहास हा विषय कळविला. हा विषय मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा नव्हे काय, अशी शंका त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी विनयाने काढली. शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु ज्यांची मापे घेतली जातात त्यांनाही मापाविषयी बोलण्याचा अधिकार असतो, असे आम्ही मानतो. तराजू दुकानदाराच्या हातात असतो म्हणून तराजूविषयी फक्त दुकानदाराने बोलावे, असे आपण कधी म्हटलेले नाही. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग भाषेला दिला तो गिऱ्हाइकांनी, हे उघड आहे.

या विषयात एक प्रश्न नेहमी पुढे येऊन बसतो : माणसाची बुद्धी मोजता येते की नाही? त्यावर गेली शंभराहून अधिक वर्षे विद्वानांत वाद माजला आहे, आणि त्याचा निकाल आज येथे लागेल असा भ्रम आम्हाला नाही. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. माप कोण घेतो, कशाने घेतो, आणि माप घेऊन झाल्यावर त्या माणसाचे पुढे काय करतो? हा इतिहास जमेल तेवढा वाचून आमचे असे मत झाले आहे की, माप न्यायाचे की अन्यायाचे हे या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. एकाच मापाने एका काळी मुलाला हात दिला, आणि दुसऱ्या काळी त्याच मुलाच्या तोंडावर दार लावले. ते कसे घडले हे आज सांगावयाचे आहे.

मोजण्याची हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत कवट्या मोजण्याचे वेड होते. फिलाडेल्फियाचे डॉ. सॅम्युएल मॉर्टन यांनी निरनिराळ्या मानववंशांच्या शेकडो कवट्या जमविल्या, त्या आधी बारीक बियांनी व पुढे शिशाच्या छर्ऱ्यांनी भरून पाहिल्या, आणि कोणाच्या कवटीत किती मावते यावरून वंशांची उतरंड लावली. तीत गोरा वंश सर्वांत वर निघाला हे सांगायला नकोच. त्यांच्या मोजणीत गफलत होती की नाही यावर अगदी अलीकडेपर्यंत वाद चालू आहे. पण मोजणी बिनचूक धरली तरी काय? पायलीत दाणे किती मावतात यावरून पायलीची अक्कल कळत नाही, हे आमच्या मार्केट यार्डातला हमालही सांगेल.

इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन हे डार्विनच्या नात्यातले गृहस्थ. १८६९ साली त्यांनी एक ग्रंथ लिहून असे मांडले की, न्यायाधीश, मुत्सद्दी, ग्रंथकार यांच्या घराण्यांत थोर माणसे अधिक निपजतात, त्या अर्थी थोरवी रक्तातून उतरते. न्यायाधीशाच्या घरात पुस्तके, ओळखी आणि दोन वेळचे निश्चिंत जेवणही असते, या गोष्टीला त्यांनी फारसे वजन दिले नाही. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स देऊन कोणीही आत जावे आणि आपली नजर, श्रवण, पंजाचा जोर, हालचालीची चपळाई मोजून घ्यावी. नऊ हजारांवर लोकांनी मोजून घेतली. इंद्रिये तल्लख तर बुद्धी तल्लख, असा त्यामागचा कयास होता. अमेरिकेत याच धर्तीच्या चाचण्या विद्यार्थ्यांवर झाल्या. १९०१ साली क्लार्क विस्लर यांनी त्यांचे निकाल आणि कॉलेजातले गुण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोहोंत काही नाते नाही असे आढळले. त्या मार्गाचे तेथेच संपले.

आता खऱ्या कथेला सुरुवात होते, आणि ती एका भल्या माणसापासून होते. आल्फ्रेड बिने हे फ्रान्सचे. शिकले कायदा, आणि मानसशास्त्र बव्हंशी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून आपले आपण वाचले. ग्रंथालयातच शिकलेल्या आमच्यासारख्याला या माणसाविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. त्यांनीही आधी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या डोक्यांतला फरक निघाला अगदी क्षुल्लक. शिवाय मोजताना आपल्या मनातली अपेक्षा आपल्या हाताला ओढते, असा त्यांना स्वतःविषयीच संशय आला. त्यांनी तो लपविला नाही, छापला. मग घरी आपल्या दोन मुली कशा विचार करतात याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले, आणि बुद्धी पाहायची तर ती काम करताना पाहावी, या निर्णयाला ते आले.

फ्रान्समध्ये १८८१-८२च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले होते. कारागिरांची, मजुरांची, शेतकऱ्यांची सारी मुले वर्गात आली. त्यांतली काही मागे पडू लागली. या मुलांसाठी काय करावे हे ठरविण्यास १९०४ साली सरकारने एक मंडळ नेमले, त्यात बिने होते. त्यांना एक भीती होती, आणि ती आपण नीट ध्यानात ठेवावी. खोडकर पोर, गरिबाचे पोर, मास्तरांच्या मर्जीतून उतरलेले पोर यांना मंद ठरवून वेगळ्या शाळेत ढकलणे फार सोपे जाईल. म्हणून मास्तरांच्या मर्जीवर अवलंबून नसलेली कसोटी हवी. १९०५ साली बिने आणि त्यांचे सहकारी डॉ. थिओडोर सिमाँ यांनी ती तयार केली. सोप्याकडून कठीणाकडे जाणारी ३० कामे. पेटलेली काडी हलविली तर नजर तिच्यामागे जाते का, इथपासून सुरुवात. मग चित्रातल्या वस्तू ओळखणे, तीन अंक ऐकून परत म्हणणे, दोन वजनांतले जड कोणते ते सांगणे. शेवटी अमूर्त शब्दांतला फरक सांगणे. १९०८च्या आवृत्तीत ही कामे वयावार लावली. सात वर्षांची बहुतेक मुले जे करू शकतात ते ज्याला जमले, त्याची मानसिक पातळी सात वर्षांची.

येथे बिने यांनी काय म्हटले नाही, ते महत्त्वाचे आहे. कापडाची लांबी मोजावी तशी बुद्धी मोजली, असे ते म्हणाले नाहीत. हा आकडा मुलाच्या कपाळावर जन्मभरासाठी गोंदला, असेही म्हणाले नाहीत. किंबहुना १९०९च्या ग्रंथात बुद्धी ही ठरीव असते, ती वाढत नाही, या मताला त्यांनी निर्दय निराशावाद म्हणून झोडपले. वाकडे हाड सरळ करण्याचे उपचार असतात तसे मागे पडलेल्या मुलांच्या लक्षाचे, स्मृतीचे, निश्चयाचे उपचार त्यांनी सुचविले. खूण होताच पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहायचे, असा एक खेळ त्यांत होता. मूल आधी शिकायचे कसे हे शिकते, मग धडा शिकते, असा त्यामागचा विचार. म्हणजे माप घ्यायचे ते मदत कोणाला हवी हे कळावे म्हणून. १९११ साली, वयाच्या ५४व्या वर्षी बिने वारले. माप मागे राहिले आणि त्यामागचा हेतू त्यांच्याबरोबर गेला.

१९१२ साली जर्मनीचे विल्यम स्टर्न यांनी सुचविले की, मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुइस टर्मन यांनी १९१६ साली त्याला १००ने गुणले. हाच तो बुद्ध्यंक. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा निघाले तर १२५. सहा निघाले तर ७५. हिशेब तिसरीतल्या पोरालाही जमेल, आणि त्याचा मोह पडतो तो यामुळेच. पुढे प्रौढांसाठी ही भागाकाराची रीत सोडून द्यावी लागली. आज चाचणी घेतलेल्या समवयस्कांची सरासरी म्हणजे १००, असे आधीच ठरवून घेतात आणि त्या सरासरीपासून आपण किती वर किंवा खाली आहो ते सांगतात.

आपल्यापैकी ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना मायक्रोमीटर ठाऊक आहे. त्यावर शून्य असते, आणि दहा मिलिमीटरचा तुकडा पाच मिलिमीटरच्या दुप्पट असतो. बुद्ध्यंकाला तसे शून्य नाही, आणि १४०चा माणूस ७०च्या दुप्पट बुद्धिमान असे म्हणण्याला काही अर्थ नाही. शाळेत कवायतीच्या वेळी मुले उंचीने उभी करतात, त्या रांगेतला हा क्रमांक आहे. क्रमांक खोटा नसतो. पण रांगेत कोणाला उभे केले आणि कोणत्या गोष्टीवरून उंच ठरविले, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

अमेरिकेत तो विचारला गेला नाही. न्यू जर्सीत व्हाइनलँड येथे मतिमंद मुलांची एक संस्था होती. तेथील हेन्री गॉडर्ड यांनी १९०८ साली बिने यांची कसोटी अमेरिकेत आणली. बुद्धी जन्मजात आणि अढळ, मंदपणा रक्तातून उतरतो, आणि अशा माणसांची पैदास थांबविली पाहिजे, हे त्यांचे पक्के मत. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर तेव्हा युरोपातल्या गरीब मुलखांतून आलेली माणसे बोटीतून उतरत. गॉडर्ड यांच्या मदतनिसांनी १९१३ साली तेथे निवडक लोकांवर चाचण्या घेतल्या. बोटीच्या तळाशी कोंबून आणलेला माणूस, भाषा परकी, मध्ये दुभाषा, ज्याच्या हाती आयुष्यात पेन्सिल आली नाही त्याला म्हणायचे, दाखविलेली आकृती काढ. तीन मिनिटांत सुचतील तितके शब्द सांग. निष्कर्ष काय निघाला? १९१७ साली प्रसिद्ध झाला तो असा : ज्यूंपैकी ८३ टक्के, हंगेरियनांपैकी ८०, इटालियनांपैकी ७९ आणि रशियनांपैकी ८७ टक्के मंदबुद्धी. ही टक्केवारी कोणत्याही गटात पन्नासांहून अधिक नसलेल्या माणसांवरून काढली होती. पाच माणसांतली चार मंद निघाली, तर ज्याच्या हाती माप आहे त्याने प्रथम माप तपासावे. कारखान्यात एका लॉटमधले शेकडा ऐंशी नग नापास झाले तर आमचा साधा इन्स्पेक्टरही आधी गेज उचलून पाहतो.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्कीस यांच्या पुढाकाराने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची बुद्धी मोजली गेली. वाचता येणाऱ्यांना एक चाचणी, न येणाऱ्यांना चित्रांची दुसरी. प्रश्न पाहा. अमुक एक खेळाडू कोणत्या गोष्टीबद्दल प्रसिद्ध आहे? अमुक नावाने बाजारात मिळणारी वस्तू औषध की खाद्य? चित्रांच्या चाचणीत टेनिसचे मैदान, आणि त्यात काय राहून गेले ते भरा. राहिले होते जाळे. सिसिलीच्या शेतमजुराने टेनिसचे जाळे कोठे पाहिले असणार? तरी या उत्तरांना जन्मजात बुद्धी म्हटले गेले, आणि सरासरी गोऱ्या अमेरिकन सैनिकाचे मानसिक वय तेरा वर्षे भरते, असे जाहीर झाले. १९२२ साली वॉल्टर लिपमन या पत्रकाराने लेखमाला लिहून या निष्कर्षाच्या चिंधड्या उडविल्या.

याच आकड्यांवर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली पुस्तक लिहिले. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसत होती : जो परदेशी अमेरिकेत अधिक वर्षे राहिला त्याचे गुण अधिक, वीस वर्षांहून अधिक राहिलेले तेथे जन्मलेल्यांच्या जवळपास. याचा सरळ अर्थ असा की, चाचणी भाषा आणि देशाची सवय मोजत होती. ब्रिगहॅम यांनी अर्थ लावला तो असा की, पूर्वी चांगल्या रक्ताची माणसे येत, अलीकडे हलक्या रक्ताची येतात. १९२४ साली अमेरिकेने कायदा करून दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचे दार जवळजवळ लावून घेतले. त्या कायद्यामागे कारणे अनेक होती; हे आकडे नसते तरी तो झाला असता, असेही इतिहासकार म्हणतात. पण दार लावणाऱ्याला शास्त्राची कडी आयती मिळाली, हे नाकारता येत नाही. ब्रिगहॅम यांनी १९३० साली आपले निष्कर्ष निराधार होते असे प्रामाणिकपणे लिहिले. दार मात्र १९६५च्या कायद्यापर्यंत तसेच राहिले. विद्वानाने शब्द मागे घेतला तरी त्याच्या आधाराने झालेला कायदा आपोआप मागे जात नाही, ही गोष्ट चळवळीतल्या माणसांनी गाठीस बांधावी.

याहून दारुण गोष्ट कॅरी बक या मुलीची. व्हर्जिनियातली गरीब मुलगी. दुसऱ्यांच्या घरी वाढली, शाळेतून काढून घरकामाला जुंपली गेली. सतराव्या वर्षी त्या घराच्या नात्यातल्या एका पुरुषाने तिच्यावर बलात्कार केला आणि ती गरोदर राहिली. घरच्यांनी तिला मंदबुद्धी ठरवून १९२४ साली सरकारी संस्थेत टाकले. चाचणीत तिचे मानसिक वय नऊ निघाले. तिची आई त्याच संस्थेत होती, आणि तिची तान्ही मुलगी व्हिव्हियन हिच्याविषयीही ‘काहीतरी वेगळे दिसते’ एवढ्यावर शिक्का मारला गेला. तीन पिढ्या मंद ठरल्या. सक्तीने वंध्य करण्याचा व्हर्जिनियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरला, आणि कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. पुढे त्या देशात अशा साठ हजारांवर लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. आणि ती तान्ही व्हिव्हियन? ती शाळेत गेली, आणि एका सत्रात तिचे नाव गुणवान विद्यार्थ्यांच्या यादीत लागले. १९३२ साली, आठ वर्षांची असताना ती आजारपणात वारली. कॅरी बक १९८३पर्यंत जगल्या. उतारवयात त्यांना भेटलेल्यांना त्यांच्यात मंदपणाची खूण आढळली नाही.

येथे कोणी विचारील की, बुद्धीत वंशाचा काहीच वाटा नाही काय? वाटा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो दिसतो, आणि प्रामाणिक माणसाने तो मान्य करावा. पण त्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली बियाण्याच्या दाखल्याने समजाविले. आपण तो आपल्या मातीत पेरून पाहू. एकाच पोत्यातले ज्वारीचे बी अर्धे काळ्या रानात टाकले, अर्धे मुरमाड माळावर. काळ्या रानात एक ताट उंच, एक खुजे. माती एकच, तेव्हा फरक बियाण्याचा. माळावरही तसेच. पण काळ्या रानातले पीक छातीला लागले आणि माळावरचे गुडघ्याला, तर हा फरक बियाण्याचा नव्हे, जमिनीचा. दोन समाजांतले किंवा दोन वर्गांतले अंतर पाहून जो लगेच बियाण्याला दोष देतो, त्याने जमीन पाहिलेलीच नसते.

जमीन बदलली की पीक बदलते याला पुरावाही आहे. न्यूझीलंडचे प्राध्यापक जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ साली दाखवून दिले की, चौदा देशांत पिढ्यान्‌पिढ्या चाचण्यांतले गुण वाढत गेले. साधारण दर दहा वर्षांनी तीन गुण. सरासरी पुन्हा १००वर आणण्यासाठी चाचण्या वरचेवर नव्याने बांधाव्या लागल्या. अलीकडे नॉर्वे-डेन्मार्कसारख्या देशांत ही वाढ थांबली, काही ठिकाणी उलटली. दोनतीन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलले ते शाळा, आहार, आरोग्य, कामाचे स्वरूप.

आणि बरोबर उत्तर म्हणजे तरी काय? रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ साली उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना चार चित्रे दाखविली : हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यांत न बसणारे कोणते? पुस्तकी उत्तर ओंडका, कारण बाकीची हत्यारे. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, चारही एकत्रच हवीत. ओंडकाच नसेल तर करवत चालवायची कशावर? शाळा शिकल्यावर असे उत्तर बदलते, हेही लुरियांनी नोंदविले. ज्याला जे काम पडले, तसा त्याचा विचार चालतो.

आता आमच्या अनुभवाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, हेल्परला ऑपरेटरची बढती देण्यासाठी व्यवस्थापनाने एक लेखी चाचणी आणली. आकृत्यांची मालिका, पुढची आकृती कोणती, वेळ मोजका. त्यात एक जण नापास झाला, जो चौदा वर्षे रात्रपाळीत प्रत्यक्षात तेच मशीन चालवीत होता. नुसत्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे तो सांगे, आणि इंजिनिअर त्याला बोलावून विचारीत. मशीन चालविण्याला त्याची बुद्धी चालत होती, पगार वाढविण्याला चालत नव्हती. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण व्यवस्थापनाने आम्हाला त्या बैठकीत ऐकविली. आम्ही एवढेच म्हणालो की, कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. आपण एकदा मोजून पाहू.

त्या वाटाघाटींच्या तयारीत एका पुस्तकात आम्हाला अमेरिकेतला ग्रिग्ज खटला सापडला. उत्तर कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन रिव्हर येथे वीज केंद्र होते. कामगार ९५, त्यांत काळे १४. काळ्यांना फक्त मजूर खात्यात काम. आणि त्या खात्यातला सर्वांत मोठा पगार दुसऱ्या खात्यांतल्या सर्वांत लहान पगाराहून कमी. वर्णभेदाला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी अमलात आला. त्याच दिवशी कंपनीने वरच्या खात्यांत नव्याने येणाऱ्यांसाठी शाळान्त प्रमाणपत्राबरोबर दोन चाचण्या लागू केल्या. त्यांतली एक बुद्धिचाचणी. १९६०च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के शाळान्त शिकलेले, काळ्यांपैकी १२ टक्के. आणि गंमत ही की, वरच्या खात्यांत आधीपासून असलेले गोरे कामगार, ज्यांच्यापाशी प्रमाणपत्र नव्हते आणि ज्यांनी चाचणी दिली नव्हती, ते काम उत्तम करीत होते. तेरा काळे कामगार न्यायालयात गेले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मालकाच्या पोटात काय होते यावर न्यायालय अडून बसले नाही; परिणाम काय झाला ते त्याने पाहिले. निकालाचे सार असे की, चाचणी घ्यायची तर ती त्या कामासाठी माणूस कसा आहे हे मोजणारी हवी. माणूस सर्वसाधारणपणे कसा आहे याची चौकशी मालकाने करू नये.

अमेरिकेचा निकाल आपल्या देशात बंधनकारक नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण न्यायाची गोष्ट समजायला सरहद्द आड येत नाही. पुष्कळ घासाघीस होऊन शेवटी मशीनवर प्रात्यक्षिक घेण्याचे कलम करारात आले. प्रात्यक्षिकातही काही जण नापास झाले. त्यांच्यासाठी आम्ही भांडलो नाही, कारण ते माप कामाचे होते. परीक्षाच नको, असे कामगार चळवळीने कधी म्हणू नये.

माप नेहमी गरिबाच्याच विरुद्ध जाते काय? नाही, आणि याचे उदाहरण फार मोलाचे आहे. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळू लागले तो काळही तोच. १९२४ साली न्यू जर्सीत बेवे येथील तेलशुद्धी कारखान्यात हे संयुग बनविताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. धंदा चालूच राहिला. पुढे हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमविले, त्यांतले शिसे मोजले, आणि त्या मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. १९७९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, ज्यांच्या दातांत शिसे अधिक त्यांचा बुद्ध्यंक चारसाडेचार गुणांनी कमी. शिशाचा धंदा करणाऱ्यांनी त्यांच्यावर अनेक वर्षे किटाळे घेतली; चौकश्यांतून ते सुटले. अशा पुराव्यांच्या जोरावर देशोदेशी पेट्रोलमधले शिसे गेले. भारतात ते २००० साली बंद झाले, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली. माप तेच, बुद्ध्यंकाचेच. पण गॉडर्ड यांनी आकडा पाहून मुलाकडे बोट दाखविले. नीडलमन यांनी मुलाच्या भोवतालच्या हवेकडे दाखविले.

आपल्याकडेही हे माप आले. १९३०नंतरच्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसविली, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही वापरात आहे. पुढे नागपुरात डॉ. मालिन यांनी अमेरिकेतल्या वेक्सलर यांची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना अशा चाचण्या घेतात. त्या प्रमाणपत्राने मुलाला सवलती मिळतात, विशेष शिक्षण मिळते. हा उपयोग बिने यांच्या मूळ हेतूला धरून आहे, आणि अशा मुलाच्या आईबापांनी चाचणीची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पण शिष्यवृत्ती परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीची मार्गदर्शके दुकानांत थप्प्यांनी विकली जातात, तिचे क्लास चालतात, हेही आपण पाहतो. सरावाने गुण वाढतात म्हणून तर क्लास चालतात. मग ज्याच्या बापाला क्लासची फी परवडत नाही त्या पोराचे गुण कमी आले, तर त्याला बुद्धी कमी असे घरात, वर्गात, आळीत कोणी म्हणू नये, एवढा विवेक तरी आपण ठेवावा. दहा वर्षांच्या पोराला एकदा ‘तुला जमायचे नाही’ म्हटले की ते पोर आपली बुद्धी वापरणेच सोडून देते, आणि दुसऱ्या वर्षी आकडा खरा ठरतो.

तात्पर्य काय? चाचण्यांना आंधळेपणाने शिव्या देऊ नयेत. शाळेतले यश त्या बऱ्यापैकी सांगतात, काही कामांतलेही काही अंशी सांगतात. परंतु आपल्या मुलाला, आपल्या सहकाऱ्याला, किंवा एखाद्या समाजाला कोणी आकडा दिला, तर चार प्रश्न विचारल्याशिवाय राहू नये. चाचणी कोणत्या लोकांवर बेतली? तिच्यातले काम आणि प्रत्यक्षातले काम यांचा संबंध काय? गुण कमी आले तर दोष पाहताना जमीनही पाहिली काय? आणि शेवटचा, सर्वांत मोठा प्रश्न : या आकड्यामुळे या माणसाला काही मिळणार आहे, की त्याच्याकडचे काही जाणार आहे? उत्तर ‘मिळणार आहे’ असे असेल तर खुशाल मोजू द्यावे. ‘जाणार आहे’ असे असेल, तर आधी मापावर माप लावून घ्यावे, आणि एकट्याने नव्हे, चार जणांनी मिळून घ्यावे.